समोरचा माणूस पुटपुटतो

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही धाकटीनं आणून दिली. म्हणाली, "ताई, लोकांचं जे जे तुला खटकतं ते यात लिही, पण बोलू नकोस. तुझ्या तोंडामुळे मला आता कुठल्या दुकानात जायची सोय राहिली नाही." निमित्त काय, तर काल औषधाच्या दुकानात मी विचारलं की बाटलीवरची किंमत मुंग्यांनी वाचायची आहे का. दुकानदार हसला. मग मी आणखी दोन वाक्यं बोलले, आणि माझी सख्खी बहीण बाहेर फुटपाथवर जाऊन अनोळखी बाईसारखी उभी राहिली.

मी चिडकी नाही. लोक चीड येईल असं वागतात आणि वर मलाच शांत राहायला सांगतात. चोराच्या उलट्या बोंबा. पण वही कोरी ठेवणं माझ्या जिवावर येतं, कारण जन्मभर मी पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात काम केलंय. तेव्हा लिहिते.

कपात चमचा टणटण वाजवणारे. "एक मिनिट" म्हणून अर्धा तास खाणारे. तोंडात घास असताना फोन घेणारे. लांबून नुसते हसणारे आणि जवळ आल्यावर "काय, ओळख नाही दिलीत?" म्हणणारे, अरे, हाक मारायला पैसे पडतात का? बसवर नंबर असा लावणारे, की बस अंगावर येईपर्यंत कळू नये. सुईला नेढंच न पाडणारे कारखाने. आणि या सगळ्यांच्या वर, एकटा शंभरांना भारी, आमचा पुटपुटे.

त्याच्यावर लिहायला अख्खं पान लागेल. आज हात दुखतोय.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर प्रत्येक डब्यावर कागद चिकटवलेला. मीठ. साखर. अक्षरं एवढाली, की दुकानाची पाटी शोभावी. "बालवाडी काढलीस का?" विचारलं तर धाकटी म्हणते, "अगं, मलाच हल्ली आठवत नाही." गेल्या आठवड्यात चहात मीठ पडलं, तेव्हाही डबे तिनंच इकडचे तिकडे केले होते. निवृत्त झाल्यापासून तिला दुसरा उद्योग नाही. माणसं निवृत्त झाली की घरच्यांच्या मुळावर येतात.

आता पुटपुटे. हे नाव मीच ठेवलं आणि सगळ्या कारखान्यानं उचललं. ते स्वतःही त्या हाकेला ओ देतात, यावरून माणूस ओळखावा.

आमचं काम असं: छापखान्यातून मोठे कागद येतात, त्यांची घडी घातली की सोळा पानांचा एक फर्मा होतो. टेबल नंबर एकवर चौदा फर्म्यांच्या चौदा राशी ओळीनं मांडलेल्या असतात. मी टेबलाच्या कडेनं चालत जाते, प्रत्येक राशीतला एकेक फर्मा उचलते, चौदा झाले की एक पुस्तक. समोर पुटपुटे. ते माझ्याकडून पुस्तक घेतात, ठोकून सारखं करतात आणि पाठ बघतात. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण छापलेली असते, दर फर्म्याला थोडी खाली. सगळे फर्मे बरोबर लागले, की पाठीवर खुणांची शिडी दिसते. पायरी तुटली, की फर्मा चुकला. पन्नास पुस्तकांची एक थप्पी, थप्पीवर नंबराची चिठ्ठी, आणि मग शिलाई.

तर हे गृहस्थ मी चालत असताना समोरून माझ्याबरोबर चालतात आणि मोजतात. तोंडातल्या तोंडात. एक, दोन, तीन. दिवसभर. दिवसाला तीनशे पुस्तकं धरली तर हिशेब करा किती वेळा. बरं, सरळ तरी मोजावं? सातापर्यंत धड येतात आणि मग "आठ... आठ" असं दोनदा म्हणतात. रेकॉर्डवर सुई अडकावी तसं. मला इतकी चीड येते, की माझा हात गडबडतो, पुढे गेलेला मागे येतो, मग मी आठवा उचलून पुढे जाते. दीड वर्ष मी हे सोसते आहे. यापेक्षा घोरणाऱ्या माणसाशी संसार सोपा असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज बोललेच. वही आहे, कबूल, पण वही पुटपुट्यांना गप्प करत नाही.

कथासंग्रहाचं मोठं काम चालू आहे. दुपारी पस्तिसावी थप्पी बांधली आणि तडक मालकांच्या खोलीत गेले. मालक पोरसवदा आहेत, यांच्या वडिलांच्या वेळेपासून मी इथे. म्हटलं, "तो माणूस समोर राहिला तर मी काम सोडते. एकतीस वर्षांत माझ्या टेबलाचं एक पुस्तक परत आलं नाही, हे तुमच्या वडिलांना माहीत होतं."

"मावशी, मग शिडी कोण बघेल?"

"मी बघेन. दोन्ही कामं मी एकटी करते."

मालकांनी कपाळ चोळलं. पण माझ्यासमोर नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय. उद्यापासून पुटपुटे वरच्या मजल्यावर, पुस्तकं कागदात गुंडाळायला. त्यांना सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "बाई, आठव्याला जरा थांबत जा." जाता जाता उपदेश!

११ फेब्रुवारी, मंगळवार

शांतता. केवढी शांतता! आज छत्तीसपासून एकेचाळीसपर्यंत थप्प्या काढल्या, कुणाच्या बापाची मदत न घेता. माणसानं आपल्या हक्कासाठी भांडलं पाहिजे. न भांडणारे आयुष्यभर "आठ, आठ" ऐकतात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

छापखान्यावाल्यांची कामचुकारी बघा. खुणा इतक्या फिक्या छापतात, की शिडी धुक्यात उभी केल्यासारखी वाटते. शिलाईच्या मशीनवर बसणाऱ्या मुलीला म्हटलं, "शाई वाचवतात मेले." ती म्हणाली, "मला तर काळ्याकुट्ट दिसतात, मावशी." हल्लीच्या मुली उलट बोलल्याशिवाय पाणी पीत नाहीत. माझी बोटं एकतीस वर्षांची आहेत, त्यांना खुणांची गरज नाही.

घरी आले तर जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी चिकटपट्टी. धाकटी! पायरी रंगवायची हौस असेल तर धड रंग तरी आणायचा. त्यात कुठून तरी स्वस्तातले दिवे आणलेत, प्रत्येक दिव्याभोवती गोल कडं दिसतं. मी म्हटलं, तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का? मलाही दाखवायचंय." मी म्हटलं, "तुला दाखवायचंय तर तू जा. मी काय तुझा हात धरायला येऊ?" मग मी ताट जरा जोरात ठेवलं. विषय संपला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पुस्तकं परत आली.

दोन थप्प्या, एकेचाळीस आणि सत्तेचाळीस. त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांत आठवा फर्माच नाही. गोष्ट ऐन रंगात येते आणि एकदम सोळा पानं गायब. प्रकाशकानं मालकांना फोनवर असं काही सुनावलं, की ते दाराबाहेर उभ्या माणसालाही ऐकू आलं. मालकांच्या टेबलावर परत आलेल्या मालाची वही उघडी होती. कुणाच्या हातून चूक झाली ते त्यात मालक लिहितात. त्या वहीत माझं नाव कधीच आलेलं नाही.

मालकांनी विचारलं, "मावशी, या थप्प्या पुटपुटे खाली होते तेव्हाच्या, की नंतरच्या?"

मी म्हटलं, "तेव्हाच्याच असणार. शिडी बघणं त्यांचं काम. तोंडानं आकडे चालू असले, की डोळे बघतात थोडेच?"

आणि खरंच आहे ते. नाचता येईना अंगण वाकडं. मोजत राहायचं आणि बघायचं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मालकांनी पुटपुट्यांना सांगितलं, शनिवार शेवटचा. प्रकाशकालाही कळवलं, की चूक करणाऱ्या माणसाला काढलं आहे. पुटपुटे सदुसष्ट वर्षांचे आहेत, घरी कुणी नाही. मला वाटलं, आरडाओरडा करतील. त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि वर गेले. जिन्यात मी उभी होते. मला बघून हसले.

हे न भांडणारे लोक मला सगळ्यात जास्त खटकतात. अरे, नसेल तुमची चूक तर म्हणा ना, नाही म्हणून! गप्प बसून दुसऱ्याची झोप उडवायची, ही कुठली रीत?

जेवण गेलं नाही. धाकटीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ..." मी म्हटलं, "पुढची म्हण मला पाठ आहे."

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज कामावरून आल्यावर ही वही मी मुद्दाम उघडली. पुटपुट्यांनी कुठल्या दिवशी किती घोळ घातला ते तारीखवार काढावं आणि एकदाचं मन शांत करावं, म्हणून. दहा तारखेचं पान वाचलं. पुन्हा वाचलं. खिडकीशी नेऊन वाचलं.

पस्तिसावी थप्पी बांधून मी मालकांकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी छत्तीस ते एकेचाळीस. कुणाच्या बापाची मदत न घेता. माझंच अक्षर.

म्हणजे एकेचाळीस माझी. सत्तेचाळीसही माझीच.

मग म्हटलं, थांब. एखादा दिवस वाईट गेला असेल. त्या आठवड्यात सर्दी होती. उद्या नीट बघू.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा शिलाईवाल्या मुलीला थांबवलं. वीस पुस्तकं लावली, सावकाश, जीव ओतून, आणि तिच्या हातात दिली. तिनं पाठी बघितल्या. तिला तपासायला मिनिटभरही लागलं नाही.

"मावशी, तीन चुकलीत."

"कुठला फर्मा?"

"आठवा. तिन्हींत."

मी टेबलाकडे बघितलं. वर दोन दिवे आहेत, एक या टोकाला, एक त्या टोकाला. सात आणि आठच्या राशी मधल्या अंधारात येतात. सातवी रास मला दिसत होती. आठवी दिसत होती असं मी शपथेवर सांगितलं असतं. तिच्या जागी मला टेबलच दिसत होतं, आणि हात पुढे जात होता.

मुलगी म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही." मी म्हटलं, "तू कशाला सांगशील? मला तोंड नाही का?"

पण दुपारभर ते उघडलं नाही. खरं लिहायचं तर घाबरले आहे. आईची शेवटची चार वर्षं मी पाहिली आहेत. खिडकीशी खुर्चीत बसून असायची आणि पावलांच्या आवाजावर विचारायची, "कोण?" घरातल्या घरात, पोटच्या मुलींना, कोण. टेबल गेलं तर मीही खुर्चीतच बसणार. गप्प राहिले तर टेबल राहतं आणि पुटपुटे जातात. कुणालाही कळणार नाही. शनिवार परवावर आलाय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी गेले तशीच मालकांच्या खोलीत. बसले नाही.

"त्या दोन थप्प्या माझ्या. पुटपुटे वर गेल्यानंतरच्या. माझ्याकडे लिहिलेलं आहे. मला नीट दिसत नाही."

मालकांनी दार लावून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मावशी, झालं ते झालं. प्रकाशक शांत झालाय. पुटपुट्यांचं वय झालंच होतं. तुम्ही गुपचूप डोळे दाखवून या. तुमचं नाव कशाला खराब करायचं? इतक्या वर्षांचं आहे."

खोटं कशाला लिहू, क्षणभर मोह झाला. दार लावलेलं, माणूस गोड बोलतोय, आणि माझं एकतीस वर्षांचं नाव तो मला परत देतोय, तबकात ठेवून.

मग मला अशी चीड आली की बस. म्हटलं, "माझं नाव ठेवायला त्यांच्या पोटावर पाय कशाला? ती वही द्या इकडे."

"कुठली?"

"परत आलेल्या मालाची. आणि पेन. जाड टोकाचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वही सरकवली. ते बोट ठेवत गेले तिथे पुटपुट्यांचं नाव मी काट मारून खोडलं आणि खाली माझं लिहिलं. एकदा नाही, दोनदा, एकेचाळीससमोर एक आणि सत्तेचाळीससमोर एक. ओळीबाहेर गेलं असेल तर जाऊ दे. मग म्हटलं, "आता प्रकाशकाला फोन लावा. मी बोलते. आणि माझं काय करायचं ते मला तोंडावर सांगा."

फोन लावला. प्रकाशक मला बोलला, चांगलाच बोलला. पुस्तकं मी पुन्हा लावून देईन म्हटलं, पगार न घेता, माझे डोळे बरे झाल्यावर. आणि ज्या माणसाला काढलं असं तुम्हाला सांगितलं, तो निर्दोष आहे, हेही कागदावर लिहून घ्या म्हटलं.

मालकांचा निकाल: पुटपुटे टेबल एकवर परत. मी टेबलावरून खाली, कोपऱ्यात, कागदाच्या घड्या घालायला. डोळे बरे झाल्यावर शंभर पुस्तकं लावून दाखवायची. एक चुकलं, तर टेबल कायमचं दुसऱ्याचं.

"शंभर का? पाचशे घ्या," म्हटलं. खोलीबाहेर आले आणि सरळ कोपऱ्यात जाऊन पहिला कागद घडीला घेतला.

१ मार्च, शनिवार

पुटपुटे माझ्या कोपऱ्यात आले. हात मागे बांधून उभे.

"बाई, कशाला केलंत?"

"तुम्ही कशाला गप्प बसलात?"

"मी बोललो असतो तर त्यांनी तुम्हाला काढलं असतं."

मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?" म्हणाले, दीड वर्ष. पहिल्यांदा आठवा सुटला तेव्हा त्यांनी तो गुपचूप घातला. मग रोजच सुटायला लागला. मालकांकडे तिसरा दिवा तीनदा मागितला, मिळाला नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की आकडा मोठ्यानं म्हटला की माझा हात मागे येतो.

"मग मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तोंड होतं, बाई. तुमच्यासमोर उघडायची छाती नव्हती. तुम्ही मला झोडपलं असतं."

"झोडपलंच असतं!"

"बघा," ते म्हणाले.

दीड वर्ष एक माणूस मला माझ्या नकळत सांभाळतो म्हणजे काय? कुणी परवानगी दिली? घरी येऊन तेच धाकटीला ऐकवलं. डबे, चिकटपट्टी, दिवे, सगळं बाहेर काढलं. "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलंत!"

ती शांतपणे म्हणाली, "ताई, सोमवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. ताट आपटायचं असेल तर आत्ताच आपटून घे."

३ मार्च, सोमवार

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतके दिवस काय करत होतात?" म्हटलं, "लोकांना शिव्या देत होते." आई खुर्चीत बसली ते याच दुखण्यानं असावं, आणि तेही निघालं असतं बहुधा. आम्ही कुणी तिला नेलंच नाही. ती नको म्हणायची आणि आम्हाला ते सोयीचं होतं. हे लिहायला जड जातंय.

१९ मार्च, बुधवार

ऑपरेशन होऊन उजवा डोळा झाला. पुढच्या आठवड्यात डावा. धाकटी दर चार तासांनी औषधाचे थेंब घालते आणि थेंब घालताना स्वतःचंच तोंड उघडते. विलक्षण खटकणारी सवय आहे.

२१ एप्रिल, सोमवार

शंभर पुस्तकं लावली. मालक, शिलाईवाली मुलगी, सगळे भोवती उभे. पुटपुट्यांना मुद्दाम वर पाठवलं होतं, त्यांच्या ओठांकडे बघून लावली असं कुणी म्हणायला नको. शंभरच्या शंभर बरोबर. शिडी अशी काळीकुट्ट, की छापखान्यावाल्यांची मनातल्या मनात माफी मागितली. मोठ्यानं नाही मागितली, ते चढून बसतील.

चांगलं दिसण्याचेही तोटे आहेत. आमच्या घराच्या कोपऱ्यांत जळमटं आहेत. धाकटी भांडी धुते असं मी समजत होते, ती नुसती भिजवते. कारखान्याच्या भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या आहेत. आणि आरशात एक म्हातारी आहे, तिच्याबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. ही वही पुरायची नाही.

२८ एप्रिल, सोमवार

टेबल एक. मी इकडून, पुटपुटे तिकडून. तिसरा दिवाही लागलाय. तो मी मागितला, पहिल्याच वेळी मिळाला. आठवी रास आता मला तिच्यावरच्या धुळीसकट दिसते. मला कुणाच्या मोजण्याची गरज राहिलेली नाही. पण त्यांचं तोंड थांबतंय का? एक, दोन, तीन. आठाला अजूनही दोनदा. म्हटलं, "अहो, दिसतंय मला!" तर म्हणाले, "सवय झाली, बाई." कारण कळलं की चीड जाते असं म्हणतात. साफ खोटं. पूर्वीइतकीच येते, तसूभर कमी नाही.

दुपारी मालक येऊन उभे राहिले. थोडा वेळ ऐकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मावशी, आता तुम्हाला गरज नाही. त्यांना वर पाठवू का? की सक्तीची सुट्टीच देऊ? वय झालंय, त्रास देतात तुम्हाला."

टेबलापलीकडे आकडे थांबले होते.

"देतात ना," मी म्हटलं, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं. "भयंकर त्रास देतात. पण तो मला देतात, तुम्हाला नाही. त्यांच्यावर चिडायचं ते मी चिडेन. दुसऱ्या कुणी त्यांच्या वाटेला गेलं, तर आधी माझ्याशी गाठ आहे."

मालक गेले. पुटपुटे चष्मा पुसत उभे होते, पुसतच राहिले. मी म्हटलं, "आता काय रडत बसणार? पुस्तकं कोण ठोकणार?"

आणि पहिल्या राशीला हात घातला.